एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा वाढते? रोलर लिफ्टर तपासण्याचा क्रम

रेसिंगच्या इंजिनात एक बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी ओळखतो. "मागच्या रविवारी सोळावर सेट केलं होतं, आज वीस निघालं. पुन्हा सोळा केलं. चालेल ना?" नाही चालणार. व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट वाढली म्हणजे कुठेतरी धातू गेला आहे किंवा काहीतरी सरकलं आहे. ते न शोधता फट परत जागेवर आणणं म्हणजे ताप का आला हे न बघता गोळी देत राहणं.

मी मिशिगनमध्ये राहतो. दिवसा टूलरूमची नोकरी, संध्याकाळी गॅरेजमध्ये मित्रांच्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्या. बहुतेक इंजिनं जुन्या पद्धतीची स्मॉल ब्लॉक शेवरले. 1955 साली 265 क्युबिक इंचांची आली तीच जात, आता बोअर-स्ट्रोक वाढवून 7000 आरपीएमच्या वर फिरवलेली. इकडे ज्याला लिफ्टर म्हणतात तो आपला टॅपेट: कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, त्याला वर उचलतो आणि तो पुशरॉड या दांडीतून रॉकर हलवतो. मी टॅपेट सेटिंग शिकलो ते कोल्हापूरला उद्यमनगरात, मामांच्या वर्कशॉपमध्ये, ऑइल इंजिनांवर. तिथला 'थाऊ' हा शब्दच इथे वापरतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिमी. वरचे सोळा आणि वीस हे थाऊच. खाली जे लिहिलं आहे ते सॉलिड रोलर लिफ्टरबद्दल, म्हणजे लोबवर लोळणारं चाक असलेल्या लिफ्टरबद्दल आहे. हायड्रॉलिक रोलरमध्ये फट नसते, प्रीलोड (आधीच दिलेला थोडा दाब) असतो, त्याचं गणित वेगळं.

लक्षणं

सगळ्यात पक्कं लक्षण वर सांगितलं तेच: आठ सिलिंडरच्या सोळा व्हॉल्व्हपैकी एकाचीच फट दर खेपेला वाढते, बाकी पंधरा जागेवर असतात. सोबत यातलं काही असू शकतं. सॉलिड रोलरचा आवाज मुळात शिलाई मशीनसारखा असतोच, त्यामुळे नुसत्या टकटकीला घाबरू नका. पण त्या एकसारख्या आवाजात एक ठोका जड पडत असेल तर कान द्या. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून 900 च्या आयडलला असा ठोका सेकंदाला सात-आठ वेळा येतो. त्याच्या दुप्पट वेगाने येणारा आवाज खालून, बेअरिंगकडून येतोय असं समजा, हा लेख त्याच्यासाठी नाही.

वरच्या आरपीएमला इंजिन अचानक मंदावणं, कार्बोरेटरमधून फटाका वाजणं (एक्झॉस्ट पुरेसा उघडत नसला की जळलेला वायू इनटेकवाटे उलटा येतो), एकाच सिलिंडरचा पुशरॉड दोनदा वाकणं, काढलेल्या ऑइलमध्ये चांदीसारखी चकाकी. यातलं शेवटचं दिसलं तर इंजिन पुन्हा चालू करू नका, आधी खालचा फिल्टरचा भाग वाचा.

आणि फट वाढण्याऐवजी कमी होत असेल तर? मग लिफ्टर सहसा निर्दोष असतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चालला आहे किंवा त्याची दांडी ताणली जात आहे. तो प्रश्न हेडचा आहे. ताणलेला व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडू शकतो, त्यामुळे तो थेट हेडचं काम करणाऱ्याकडे न्या.

आधी मोजमाप खरं आहे का ते बघा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कॅमसोबत आलेल्या कार्डावरची फट बहुधा गरम इंजिनाची असते. कास्ट आयर्नचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमची हेड असली की इंजिन तापल्यावर फट सुमारे 6 थाऊंनी वाढते. ब्लॉकही ॲल्युमिनियमचा असेल तर सुमारे 12. म्हणजे सकाळी थंड इंजिनावर 10 मोजलं आणि दुपारी रेस मारून आल्यावर 16 आलं, तर काहीही बिघडलेलं नाही. मी नेहमी थंड इंजिनावर मोजतो, रात्रभर उभं राहिलेल्या. रेसनंतर पहिला सिलिंडर मोजून आठव्यापर्यंत जाईतो हेड थोडं निवलेलं असतं आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

रोलर कॅमच्या गोल भागावर, म्हणजे बेस सर्कलवर असतानाच फट मोजायची. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्या सिलिंडरच्या इनटेकची मोजा. इनटेक पूर्ण उघडून बंद व्हायला आला की एक्झॉस्टची. फिलर गेजची पाती दोन बोटांत धरून ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखा हलका अडथळा हवा. ज्या हाताने मागच्या वेळी मोजलं त्याच हाताने या वेळी मोजा, कारण दोन माणसांच्या हातात एक-दीड थाऊचा फरक सहज पडतो.

आकडे लिहून ठेवा. वहीत सोळा रकाने, तारीख आणि मधल्या रन किती झाल्या तो आकडा. एक थाऊ इकडेतिकडे असेल तर मी सोडून देतो. एकाच व्हॉल्व्हवर 3-4 थाऊ वाढले की पुढची तपासणी सुरू.

पॉलीलॉक आणि स्टड

पॉलीलॉक म्हणजे रॉकरवरचा नट, ज्याच्या पोटात ॲलन स्क्रू असतो. हा किती सरकला तर फट किती वाढते, याचा हिशोब एकदा करून बघा. स्टडवर इंचाला 20 आटे असतील तर नटाच्या एका फेरीला रॉकरचा मध्य 50 थाऊ वर-खाली होतो. पुशरॉडचं टोक जागेवर राहतं, रॉकरचं गुणोत्तर 1.5, म्हणून व्हॉल्व्हकडचं टोक त्याच्या अडीचपट, म्हणजे साधारण 125 थाऊ हलतं. याचा अर्थ 4 थाऊ फट वाढायला नट जेमतेम 12 अंश फिरला तरी पुरतो, घड्याळाच्या काट्याच्या दोन मिनिटांएवढा. डोळ्यांना ते दिसत नाही.

म्हणून फट जुळवल्यावर नटावर आणि रॉकरवर एकाच रेषेत मार्करने खूण करा. पुढच्या वेळी खूण तुटलेली दिसली तर लिफ्टरला दोष देऊ नका. ॲलन स्क्रू काढून स्टडचं वरचं टोक बघा. ते सपाट घासलेलं नसेल तर स्क्रू उंचवट्यावर टेकतो आणि काही रननंतर पकड सोडतो. आवळताना आधी स्क्रू टेकवा, मग पाना आणि ॲलन की दोन्ही मिळून थोडंसं पुढे घ्या, म्हणजे दोघांत ताण बसतो.

स्टड ठोकून बसवलेला असेल, जुन्या कास्ट आयर्न हेडमध्ये असतो तसा, तर तो वर उपसत येतो का ते पट्टी ठेवून शेजारच्या स्टडशी ताडून पहा. रेसिंगच्या स्प्रिंगवर असे स्टड टिकत नाहीत. आट्यांचे स्टड बसवून घेणं हाच उपाय, आणि हे काम मशिन शॉपचं.

ऑइल फिल्टर कापा

खूण जागेवर आहे, स्टड जागेवर आहे, तरी फट वाढली. आता वरचं काही उघडायच्या आधी फिल्टर काढून कापा. खर्च एका फिल्टरचा. कापायला चाकाचं कटर वापरा, करवत नको, करवतीचा चुरा आत पडतो आणि मग काय इंजिनाचं आणि काय करवतीचं कळत नाही.

मागच्या वर्षी एका मित्राच्या फिल्टरचा कागद मी असाच गॅरेजच्या ओट्यावर पसरला. घड्या उलगडून, ऑइल पिळून, ट्यूबलाइटखाली धरला. पहिल्या घड्यांमध्ये नेहमीची करडी पूड होती. ती बोटाला मऊ लागते, तिची चिंता नाही. सातव्या-आठव्या घडीत तांदळाच्या कणीएवढा चकचकीत तुकडा अडकला होता, एक बाजू गोल, दुसरी तुटलेली. लोहचुंबक जवळ नेला तसा उडी मारून चिकटला. तो लिफ्टरच्या चाकातल्या नीडल बेअरिंगचा, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगचा तुकडा होता. नीडलखेरीज तसा घासून चकचकीत केलेला गोल तुकडा इंजिनात क्वचितच कुठून येतो. त्या इंजिनाची फट चार आठवडे "जुळवून" घेतली जात होती.

पिवळसर, चुंबकाला न चिकटणारे कण असतील तर डिस्ट्रिब्युटरचा ब्राँझचा गियर किंवा रॉकरची बुश बघा. रोलर कॅम स्टीलचा असतो, म्हणून त्याला अनेकदा ब्राँझचा गियर लावतात आणि तो झिजतोच.

इथे थांबण्याची पहिली रेषा आहे. नीडलचा एक तुकडा जरी मिळाला तरी इंजिन एक मिनिटही चालवू नका. बाकीचे तुकडे ऑइल पॅनमध्ये, पंपाच्या दात्यांमध्ये, कदाचित मेन बेअरिंगपर्यंत गेलेले असतात. पूर्ण इंजिन खोलून, ऑइलचे सगळे मार्ग ब्रश घालून धुवायला लागतात. हे काम ज्याने पूर्वी केलं आहे अशा इंजिन बिल्डरलाच द्या.

पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्हचं टोक

फिल्टर स्वच्छ निघाला तर अर्ध्या तासाचं काम. पुशरॉड काढून काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर उड्या मारतो. दोन्ही टोकं नखाने चाचपा. पुशरॉडच्या टोकाची किंवा रॉकरच्या वाटीची झीज थेट फट वाढवते. पुशरॉड गाइड प्लेटमधून जात असेल तर तो हार्डन केलेलाच हवा, नाहीतर प्लेट त्याला कुरतडते.

व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करची शाई लावा, रॉकर बसवून इंजिन हाताने चार-पाचदा फिरवा आणि रॉकर काढून घासलेला पट्टा पहा. तो टोकाच्या साधारण मध्यावर आणि अरुंद असावा. कडेला सरकलेला, रुंद पट्टा म्हणजे पुशरॉडची लांबी चुकली. त्याने व्हॉल्व्हचं टोक आणि गाइड झिजतं आणि फट बदलत राहते. एका सेटचा पुशरॉड दुसऱ्या हेडवर चालवणाऱ्यांकडे हे फार दिसतं.

डायल गेजने लोब मोजणं

रॉकर बाजूला करून डायल गेजचं टोक पुशरॉडवर टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. लिफ्टर किती वर उचलला जातो ते कॅमच्या कार्डाशी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या लोबशी ताडून पहा. सगळे इनटेक 420 थाऊ दाखवतात आणि एकच 415, तर तो लोब किंवा त्यावरचा रोलर गेला. व्हॉल्व्हकडे मोजलेली फट रॉकरमुळे दीडपट दिसते, म्हणून 4 थाऊ वाढलेली फट म्हणजे खाली अडीच-पावणेतीन थाऊ झीज. गेजचा स्टँड हलत असेल तर एवढा बारीक फरक त्यात हरवतो. चुंबकी बेस घट्ट बसवा, तीनदा मोजा.

काटा चढताना कुठे अडखळतो का तेही बघा. गुळगुळीत लोबवर तो एकसंध चढतो. खड्डा पडलेल्या लोबवर काटा क्षणभर थरथरतो.

व्हॉल्व्ह स्प्रिंग

माझ्या अनुभवात लिफ्टर मरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि सगळ्यात उलटं समजलं जाणारंही. लोक म्हणतात, रोलरवर भार नको म्हणून स्प्रिंग हलकी लावली. ड्रॅगच्या सॉलिड रोलरवर पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंगचा दाब 600 पौंड असणं नेहमीचं. दीडपटीने लिफ्टरवर ते 900 पौंड, म्हणजे 400 किलोच्या वर. 7000 आरपीएमला सेकंदाला 58 वेळा. आकडे ऐकून भीती वाटते हे मी समजू शकतो. पण रोलर हा भार सोसतो, कारण भार सलग असतो. स्प्रिंग ढिली पडली की वरच्या आरपीएमला रोलर लोबवरून सुटतो आणि परत आदळतो. तो हातोडा नीडलच्या वाटेत खळगे पाडतो. जास्तीच्या फटीचंही तेच: रोलर लोबला भेटण्याआधी मधली मोकळी जागा ओलांडतो आणि प्रत्येक फेरीत ठोका खातो. म्हणजे वाढलेली फट ही झिजेची खूण असते आणि पुढच्या झिजेचं कारणही. बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे.

हेडवरच मोजता येईल असा स्प्रिंग टेस्टर मिळतो, चार मित्रांनी मिळून एक घ्यावा. 220 पौंडांवर बसवलेली स्प्रिंग 195 दाखवू लागली की मी बदलतो, दहा टक्के ही माझी मर्यादा. एकच स्प्रिंग पडली असेल तरी पूर्ण सेट बदलतो, कारण बाकीच्यांनी तेवढ्याच रन खाल्लेल्या असतात. स्प्रिंग काढताना सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरावा लागतो, आणि एवढ्या दाबाची स्प्रिंग निसटली तर बोट किंवा डोळा जातो. स्प्रिंग दाबून धरणारा योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर हातात नसेल तर इथे थांबा. हे काम करून घ्यायला पैसे फार लागत नाहीत.

लिफ्टर बाहेर काढणं

स्मॉल ब्लॉकवर इनटेक मॅनिफोल्ड काढलं की लिफ्टर व्हॅलीतून, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेतून, जोडीने बाहेर येतात. 1997 पासूनच्या जनरल मोटर्सच्या एलएस जातीच्या इंजिनात हेडच काढावी लागतात, त्यामुळे तिथे हेड गॅस्केटचा खर्च धरूनच निर्णय घ्या. प्रत्येक जोडी कुठून आणि कोणत्या दिशेने निघाली ते खोक्यावर लिहा. चांगले लिफ्टर परत त्याच जागी, त्याच दिशेने जायला हवेत.

दिशा इतकी का महत्त्वाची? साधा फ्लॅट टॅपेट बोअरमध्ये स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतो, आणि फिरायलाच हवा, म्हणजे झीज वाटली जाते. अमेरिकेतल्या नॅसकार रेसिंगच्या मुख्य मालिकेत 2014 च्या हंगामापर्यंत तेच होते. रोलर लिफ्टर मात्र अजिबात फिरता कामा नये. चाक लोबला आडवं झालं की ते लोळत नाही, खरवडतं. त्यासाठीच दोन लिफ्टरमध्ये ती जोडपट्टी असते. पट्टीच्या रिव्हेटमध्ये खेळ आला असेल तर लिफ्टर बाद. एलएसमध्ये पट्टीऐवजी प्लास्टिकचे ट्रे असतात, ते जुने झाले की ढिले पडतात. लिफ्टर काढलेच आहेत तर ट्रे नवे घाला.

आता लिफ्टर पूर्ण धुऊन, ऑइलचा अंश न ठेवता कोरडा करा. ऑइल असलं की खराब बेअरिंगही गुळगुळीत भासतं. कानाजवळ धरा आणि चाक अंगठ्याने सावकाश फिरवा. चांगलं चाक रेशमासारखं फिरतं. खराब झालेलं प्रत्येक थोड्या अंतरावर बारीक अडखळतं, जात्यात खडा आल्यासारखं, आणि ते बोटाला कानाआधी कळतं. मग चाक वर-खाली ओढून बघा. बाजूंना थोडा खेळ चालतो, वर-खाली लागणारा खेळ चालत नाही. शेजारच्या चांगल्या लिफ्टरशी ताडलं की शंका उरत नाही. चाकाच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढा एक खड्डा दिसला तरी तो लिफ्टर परत घालू नका.

त्या लिफ्टरखालचा लोब टॉर्च लावून बघा आणि नख फिरवा. नख अडकलं तर कॅमही गेला. जुन्या खडबडीत लोबवर नवा रोलर घालणं ही या दुरुस्तीतली सगळ्यात महाग चूक आहे, नवा रोलर काही शनिवारांतच जातो. कॅम खराब नसेल आणि लिफ्टर चांगल्या दर्जाचे असतील, तर बरेच उत्पादक ते रिबिल्ड करून देतात. सोळा नवे घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बोअर, ऑइल आणि आयडल

तोच सिलिंडर, नवा लिफ्टर, नवा कॅम, आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. असं झालं की लिफ्टर ज्यात वर-खाली सरकतो तो बोअर संशयित. स्मॉल ब्लॉकचा लिफ्टर 0.842 इंच व्यासाचा असतो आणि बोअरमध्ये दीड थाऊच्या आसपास मोकळीक लागते. बोअर झिजला, तिरका असला किंवा त्याला तडा असला तर लिफ्टर कलतो आणि चाकाच्या एकाच कडेवर भार येतो. चाकावर आणि लोबवर एका बाजूला जास्त चमकणारी पट्टी दिसते ती हीच. बोअर गेजने मोजून ब्राँझची बुश घालून घेणं हा त्यावरचा इलाज, आणि तो घरी होत नाही. ब्लॉक मशिन शॉपला द्या आणि सोबत तो झिजलेला लिफ्टरही द्या, त्यावरची पट्टी त्यांना कललेली दिशा सांगते.

ऑइलबद्दल दोनच गोष्टी. जुने लोक वरचं ऑइल कमी करायला लिफ्टरच्या गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या वाटेत, ती अरुंद करणारे रिस्ट्रिक्टर घालायचे. चाकाला दाबाने ऑइल देणारे लिफ्टर असतील तर ते रिस्ट्रिक्टर काढा, नाहीतर नीडल तहानलेल्या राहतात. दुसरं, पिट्समध्ये (रेसआधी गाड्या उभ्या असतात तिथे) 800 च्या आयडलला दहा-दहा मिनिटं इंजिन गुरगुरत ठेवू नका. क्रँकवरून उडणारं ऑइल कॅमपर्यंत पोचायला वेग लागतो. आयडलला उडणं कमी आणि ऑइलचा दाबही कमी, भार मात्र स्प्रिंगचा पूर्ण. मी 1200 च्या खाली ठेवत नाही, आणि गरम करायचं असेल तर 1800-2000 वर धरतो.

परत जोडताना

नव्या लिफ्टरवर गंज न लागण्यासाठी लावलेलं ग्रीस असतं, ते धुऊन टाका आणि स्वच्छ इंजिन ऑइलने चाक फिरवत भिजवा. फ्लॅट टॅपेटला लावायची काळी पेस्ट इथे नको, चाक लोळायच्या ऐवजी घसरतं. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून प्रायमिंग टूल घालून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, सोबत क्रँक हळूहळू फिरवत राहा, सोळाही रॉकरमधून ऑइल ओघळेपर्यंत. रोलरच्या लोबला फ्लॅट टॅपेटसारखा उतार नसतो, कॅमला मागे दाबून ठेवणारं काही नसतं, म्हणून पुढच्या कव्हरमागचं कॅम बटण बसलं आहे ना आणि कॅमचा पुढे-मागे खेळ 5 ते 10 थाऊ आहे ना, हे कव्हर लावण्याआधी बघा.

थंड फट जुळवा, मार्करने खुणा करा, इंजिन एकदा पूर्ण गरम करून रात्रभर निवू द्या आणि सकाळी सोळाही पुन्हा मोजा. पहिल्या तीन रननंतर परत मोजा आणि फिल्टर कापा. माझ्या त्या मित्राच्या इंजिनाचे आकडे आता व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर आहेत. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ऑक्टोबरपासून 12 वर आहे, थंड.